धागा : सिगारेट सोडून ११ दिवस झाले, रोज रात्री कोणी विचारील का?

पिवळीरेघ (रात्री ९:४८)

मी लातूर जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. वय ४६. त्यांपैकी २२ वर्षे दिवसाला दहा-बारा सिगारेटी या हिशेबाने गेली. टोपणनावाचा खुलासा आधीच करतो. तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांनुसार शाळेपासून शंभर यार्डांवर रस्त्यावर पिवळी रेघ मारून तिचा फोटो अपलोड करावा लागतो. आमच्या शाळेची ती रेघ मीच मारली. दोन मुले टेप धरून उभी होती. रेघ वाळेपर्यंत थांबलो, फोटो काढला, मुलांना वर्गात पाठवले आणि रेघेच्या पलीकडे जी पानटपरी आहे तिथे जाऊन सिगारेट पेटवली. बोटांचा ओला पिवळा रंग सिगारेटच्या कागदाला लागला होता. नियमाने पाहिले तर माझे काहीही चुकलेले नव्हते, आणि तरीही ती सिगारेट मला पूर्ण ओढवली नाही.

याआधी मी चार वेळा सोडलेली आहे. २०१३ साली तुळजापूरला देवीपुढे शपथ घेतली, ती १९ दिवस टिकली. विसाव्या दिवशी एक ओढली, आणि देवीची शपथ मोडली हे घरात सांगण्याची हिंमत झाली नाही. परिणाम असा झाला की पुढचे आठ महिने घरच्यांच्या लेखी मी सिगारेट सोडलेला माणूस होतो आणि माझ्या मोटारसायकलच्या डिक्कीत बडीशेप, वेलची व साबणाची वडी असा कायमचा संसार होता. त्या आठ महिन्यांत मी पूर्वीपेक्षा जास्त ओढली असेन, कारण संधी मिळाली की दोन ओढून घ्यायच्या, पुन्हा केव्हा मिळेल याचा नेम नाही, असे चालले होते.

म्हणून या वेळी शपथ घेतलेली नाही. दिवसभर शाळेत निभावते. रात्री जेवण झाल्यावर साडेनऊच्या सुमारास मात्र तलफ अशी येते की पाय आपोआप चपलेत जातात. त्या वेळी इथे येऊन लिहावे असा विचार आहे. ज्यांनी सोडली आहे त्यांनी कोणाच्या आधाराने सोडली, आणि घरच्यांनी नेमके काय करावे व काय करू नये, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

बालाघाटी (रात्री १०:३१)

गुरुजी, मी अंबाजोगाईचा. सोडून सहा वर्षे झाली, त्याआधी तीन वेळा फसलो. तुमच्या शपथेचा अनुभव वाचताना माझाच वाटला. शपथेत पाळली आणि मोडली असे दोनच खाने असतात. ज्याची मोडली त्याला तोंड लपवण्यावाचून दुसरी जागाच उरत नाही, आणि एकदा लपवणे सुरू झाले की मदत करू पाहणाऱ्या माणसालाही हात कुठे द्यावा ते कळत नाही.

चौथ्या वेळी मी एका मित्राशी करार केला. तो एसटीत चालक आहे आणि त्याने स्वतः दोन वर्षांपूर्वी बिडी सोडलेली होती. रोज संध्याकाळी सात वाजता तो ज्या कुठल्या डेपोत असेल तिथून फोन करायचा आणि दोनच शब्द विचारायचा, "आज किती?" मी आकडा सांगायचा. शून्य असेल तर "बरं", तीन असतील तरी "बरं". उपदेश करायचा नाही, शाबासकीही द्यायची नाही, आणि हा आकडा तिसऱ्या माणसाला सांगायचा नाही. पहिल्या महिन्यात दोनदा मी एक-एक ओढली आणि दोन्ही वेळा खरे सांगितले. खोटे सांगण्याचे काही कारणच त्याने शिल्लक ठेवलेले नव्हते. असा फोन त्याने सुमारे पाच महिने केला. एकदा परळीच्या घाटात गाडी बंद पडली होती, तरी सव्वासातला आला.

तुम्ही साडेनऊला लिहीत जा. मी विचारीन. आज किती?

पिवळीरेघ (रात्री १०:३६)

शून्य.

बालाघाटी (रात्री १०:३७)

बरं.

गोदाकाठ (दुसरा दिवस, दुपारी २:१५)

मी नांदेडला छातीच्या विकारांचे रुग्ण पाहतो. गुरुजींचा प्रश्न आधाराचा असला तरी शरीरात काय चालले आहे हे ठाऊक असेल तर आधार देणाऱ्यालाही सोपे जाते, म्हणून थोडे लिहितो.

झुरका घेतल्यापासून काही सेकंदांतच निकोटीन मेंदूपर्यंत पोचते आणि रक्तातील त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. दिवसाला दहा-बारा ओढणाऱ्याचा हात दर दीड-दोन तासांनी खिशाकडे का जातो, त्याचे उत्तर या हिशेबात आहे. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड, झोपमोड, लक्ष न लागणे, बद्धकोष्ठ हे त्रास तीन-चार आठवड्यांत पुष्कळसे ओसरतात. खोकला काही काळ वाढू शकतो, त्याला घाबरू नये. प्रत्येक तलफ स्वतंत्रपणे पाहिली तर काही मिनिटांचीच असते. साडेनऊला सुरू झालेली तलफ दहाला तशीच असेल असे नाही, पण पावणेदहाला आपण टपरीवर पोचलेले असतो, ही अडचण आहे.

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. सिगारेटच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतील कॅफिनचा निकाल लवकर लावते. धूर बंद झाला की तेवढाच चहा रक्तात अधिक वेळ राहतो, त्यामुळे छातीत धडधडते, हात थरथरतात, रात्री डोळा लागत नाही, आणि हे सगळे सिगारेट नसल्यामुळे होत आहे असे समजून माणूस पुन्हा पेटवतो. आपल्याकडे दिवसाला सहा-सात चहा सहज होतात. ते निम्म्यावर आणावेत.

निकोटीनचा गम वापरायचा असेल तर तो च्युइंगगमसारखा चघळू नये. हळूहळू चावावा, जिभेला चुणचुण लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावा, चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावावा. असा अर्धा तास पुरतो. सारखा चावून रस गिळला की उचकी आणि जळजळ होते. त्याआधी पंधरा मिनिटे चहा, कॉफी किंवा लिंबूपाणी घेऊ नये, घेतल्यास औषध नीट शोषले जात नाही. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर व्यसन खोल आहे असे समजतात आणि अशांना जास्त मात्रा लागते. बुप्रोपिऑन, व्हरेनिक्लिन या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. फिट येणाऱ्याला बुप्रोपिऑन चालत नाही. जिल्हा रुग्णालयातील तंबाखूमुक्ती केंद्रात जाऊन विचारावे. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापला जातो. तिथले समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवून देतात आणि नंतर स्वतःहून पुन्हा फोन करून विचारपूस करतात. म्हणजे बालाघाटी यांच्या चालक मित्राचेच काम ते करतात.

पिवळीरेघ (रात्री ९:३३)

डॉक्टरसाहेब, चहाची गोष्ट वाचून मी थक्क झालो. धडधड होत होती आणि ती निकोटीनसाठीच आहे असे मी धरून चाललो होतो. तो क्रमांक मी हजारो वेळा हातात धरला असेल, वाचला एकदाही नाही. आज शून्य.

मोसंबी (तिसरा दिवस, सकाळी ६:५०)

माझे व्यसन बिडीचे होते, दिवसाला एक बंडल. जालना तालुक्यात शेती आहे. बिडी पानाची असते, झाडपाल्याची, म्हणून ती सिगारेटइतकी वाईट नाही असे आमच्याकडे जाणती माणसेही सांगतात. डॉक्टरांनी यावर लिहावे.

माझी चूक सांगतो म्हणजे गुरुजी ती करणार नाहीत. बिडी सोडली तेव्हा सगळ्यांनी प्रेमाने सल्ला दिला की धूर सोड, त्यापेक्षा मळून खा. खाल्ली. सहा महिन्यांत धुराचा वास गेला आणि खिशात चुन्याची डबी आली. घरचे आनंदात होते, मीही आनंदात होतो. एके दिवशी तिखट लागून गालाच्या आत आग झाली आणि आरशात पाहिले तर पांढरा चट्टा. तपासणीत काही निघाले नाही, हे नशीब. पण दुसऱ्यांदा सोडताना पहिल्यापेक्षा जास्त त्रास झाला, कारण तंबाखू खाणे हे व्यसन आहे असे भोवतालच्या कोणाला वाटतच नव्हते आणि त्यामुळे मदतीला कोणी आले नाही.

आणखी एक. माझ्या शेतात बिडी ओढणाऱ्या गड्यांना दर दोन तासांनी 'बिडीची सुट्टी' मिळत असे आणि न ओढणारे मात्र निंदतच राहत. एका पोराने मला सांगितले की मी बिडी बसायला मिळावे म्हणून शिकलो. तेव्हापासून सुट्टी सगळ्यांना देतो, तिला पाण्याची सुट्टी म्हणतो.

गोदाकाठ (दुपारी १:४०)

मोसंबी, बिडी सौम्य नाही. तेंदूचे पान कागदासारखे सच्छिद्र नसते आणि सहज जळत नाही, त्यामुळे बिडी विझू नये म्हणून ती वरचेवर आणि खोल ओढावी लागते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर छातीत तितकेच खोल जातात. तुम्ही सांगितलेला मळून खाण्याचा सल्ला इतका सर्रास का मिळतो, तेही आकड्यांवरून दिसते. २०१६-१७ च्या प्रौढांच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, आणि तोंडात ठेवण्याची किंवा चघळण्याची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. सल्ला देणाराच बहुधा खाणारा असतो. आणि तुमची पाण्याची सुट्टी मी माझ्या रुग्णांना सांगणार आहे.

करडई (रात्री ८:०५)

सर्वांचे लेखन वाचले. माझे मत कदाचित आवडणार नाही. मी १९९८ साली पाकीट विहिरीत टाकले आणि त्या दिवसापासून आजतागायत शिवलेलो नाही. कोणाचा फोन नव्हता, गम नव्हता, आकडा विचारणारा नव्हता. मनाने घेतले की सुटते. रोज रात्री परक्या माणसांपुढे हजेरी लावणे म्हणजे कुबडी आहे, आणि कुबडीची सवय लागली की पाय चालायचे विसरतात. गुरुजी मुलांना शिकवतात, त्यांना मी काय सांगावे. पण स्वतःचा निग्रह स्वतःच करावा.

बालाघाटी (रात्री ९:१०)

काका, तुमच्या निग्रहाला नमस्कार आहे. मात्र पाय मोडलेल्याला कुबडी देताना आपण त्याच्या निग्रहाची चौकशी करत नाही. एक विचारू का? १९९८ साली पहिले काही महिने जेवणानंतर तुम्ही काय करत होता?

नीरक्षीर (चौथा दिवस, दुपारी ३:२०)

गुरुजींनी घरच्यांविषयी विचारले आहे, म्हणून पत्नी या नात्याने लिहिते. माझ्या यजमानांनी नऊ वर्षांपूर्वी सोडली. त्याआधीची पाच वर्षे मी घरातली पोलीस होते. शर्ट धुवायला टाकण्याआधी खिसा हुंगायचा, तंबाखूचा भुगा दिसला की तो तळहातावर घेऊन त्यांच्यापुढे धरायचा, मुलांना बाबांच्या तोंडाचा वास घ्यायला पाठवायचे. हे शेवटचे लिहिताना आजही शरम वाटते. त्याचा उपयोग एवढाच झाला की ते अधिक हुशार चोर झाले.

एकदा माझ्या भावजयीने मला खडसावले. ती म्हणाली, "तू पकडायला बसलीस तर ते पळणारच की गं." त्यानंतर आमचे असे ठरले की मी विचारणार नाही, ते सांगतील. पहिले पंधरा दिवस त्यांनी काहीच सांगितले नाही आणि माझा जीव कासावीस झाला, पण मी खिसे हुंगले नाहीत. सोळाव्या दिवशी भाकरी करत असताना ते चुलीजवळच्या पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, आज दोन झाल्या. मी भाकरी उलटली आणि बरं म्हटले. तोंडातून दुसरा शब्द जाऊ नये म्हणून मी ओठ किती घट्ट दाबले होते ते माझे मला ठाऊक! खऱ्या अर्थाने सोडण्याची सुरुवात त्या दिवशी झाली.

घरच्यांनी काय करू नये, यात मी एक गोष्ट मुद्दाम सांगेन. पाहुण्यांसमोर कौतुक करू नये. "आमच्या यांनी सोडली बरं का" असे दहा जणांत सांगितले की ते कौतुक मानगुटीवर बसते, आणि उद्या पाय घसरला तर दहा जणांपासून लपवावे लागते. चिडचिडीचे दिवस मुलांना आधीच सांगून ठेवावेत. मी सांगितले होते की वीस दिवस बाबा रागावले तर ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. वाचलेले पैसे डब्यात टाकणे वगैरे आम्हीही केले, त्याने मुलांना मजा वाटली, बाकी फारसे काही नाही.

सासरे मात्र शेवटपर्यंत अंगणात बिडी ओढत. ते सोडणार नव्हते. यजमानांनी त्यांना एवढेच म्हटले की दादा, मी जेवून उठलो की तुम्ही गोठ्याकडे बसत जा. दादांनी एकदाही विसर पडू दिला नाही.

पिवळीरेघ (रात्री ९:३०)

ताई, ही पोस्ट मी सौ.ला वाचायला दिली. तिने वाचली, फोन परत दिला आणि डिक्कीत साबण अजून आहे का असे विचारले. म्हणजे तिला त्या आठ महिन्यांत सगळे माहीत होते. आज शून्य.

गंजगोलाई२३ (सहावा दिवस, रात्री ११:५५)

मी लातूरला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. दिवसाला तीन, चाचणीच्या दिवशी पाच. पाकीट आयुष्यात कधी विकत घेतलेले नाही, क्लासच्या कोपऱ्यावर सुट्टी, म्हणजे एकेक सिगारेट मिळते. सुट्टी विक्रीला राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे हे मी चालू घडामोडींत पाठ केले आहे आणि ते पाठ करताना हातात सुट्टी सिगारेटच होती. तीन म्हणजे व्यसन म्हणावे का? खोलीतला जोडीदारही ओढतो. घरी वडिलांना कळले तर खोली सोडून गावी यावे लागेल, त्यामुळे विचारणारे कोणी नाही.

गोदाकाठ (सातवा दिवस, दुपारी २:००)

तीनचे पाच कोणत्या दिवशी होतात हे तुम्हीच लिहिले आहे, त्यात उत्तर आले. हृदयाच्या बाबतीत थोड्या सिगारेटींचा धोकाही थोडाच असतो असे नाही. या वयात सोडल्यास झालेले नुकसान बहुतांशी भरून येते, म्हणून थांबू नका. जोडीदाराला सोडायला सांगू नका; खोलीत ओढू नको एवढेच सांगा.

पिवळीरेघ (चौदावा दिवस, रात्री ११:१०)

आज एक.

आज आमच्याकडे वेळा अमावस्या होती. इतर जिल्ह्यांतील वाचकांसाठी सांगतो, या दिवशी लातूर-धाराशिवकडची गावे ओस पडतात आणि सगळी माणसे शेतात असतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करून पूजा होते, मग भज्जी, उंडे, खीर आणि मडक्यातली आंबिल. मित्राच्या रानात जेवलो. इतके जेवलो की उठवेना. ज्वारी छातीला लागली होती, ऊन कोवळे होते, आणि पाच-सहा जण कोपीच्या मागे गेले. मीही गेलो. तिथे जाण्याचे काही कारण नव्हते, पण बावीस वर्षे मी त्याच कोपीच्या मागे गेलेलो आहे. एकाने पाकीट पुढे केले आणि म्हणाला, "गुरुजी, सण हाय, एकानं काय हुतंय?" मी घेतली.

चव वाईट लागली हे सांगायला मला आवडले असते. चांगली लागली. डोके गरगरले, बोटे गार पडली, आणि तरी चांगली लागली. नंतर दिवसभर दुसरी घेण्याची निमित्ते मनात तयार होत होती. संध्याकाळी बैलगाडीत सौ.च्या शेजारी बसलो होतो. तिला वास आला असणारच. ती काही बोलली नाही, म्हणून घरी आल्यावर मीच सांगितले. २०१३ साली हे वाक्य उच्चारायला मला आठ महिने पुरले नव्हते.

आता माझी मोजणी २४ दिवसांवर होती. ती शून्यावर आणायची का?

बालाघाटी (रात्री ११:१४)

बरं. आणायची नाही. २४ दिवसांत आपण सुमारे अडीचशे सिगारेटी ओढल्या नाहीत आणि एक ओढली. या एकीने त्या अडीचशे पुसल्या जात नाहीत.

करडई (पंधरावा दिवस, सकाळी ७:३०)

मी सहमत नाही. पहिल्यापासून मोजा. हिशेब तो हिशेब. शून्यावर यायची लाज वाटली पाहिजे, नाहीतर पुढची अमावस्या आहेच.

गोदाकाठ (दुपारी १:१०)

वैद्यकाच्या दृष्टीने एक सिगारेट म्हणजे पुन्हा व्यसनी होणे नव्हे, पण ती धोक्याची सूचना नक्कीच आहे, कारण एकदा ओढल्यावर पुन्हा नियमित ओढू लागणारे फार असतात. म्हणून आकडा कोणताही लिहा, आजचा आणि उद्याचा दिवस सांभाळा, जवळ गम ठेवा. काकांची लाज मला पटत नाही. लाजेने माणूस माझ्याकडे यायचा बंद होतो, हे मी रोज पाहतो.

नीरक्षीर (दुपारी ४:००)

गुरुजी, २४ पैकी २३ असे लिहा. परीक्षेत लिहितात तसे. आणि पुढच्या वर्षी कोपीच्या मागे नेमके काय करायचे ते आतापासून ठरवा. आमचे हे अशा वेळी लहान मुलांच्या झोक्याला झोका द्यायला जातात. मुले हात सोडू देत नाहीत.

पिवळीरेघ (रात्री ९:३१)

२५ पैकी २४. आज शून्य. एक गम घेतला. आधी पानासारखा चघळला आणि उचकी लागली, मग डॉक्टरांची पोस्ट पुन्हा काढून वाचली.

करडई (एकविसावा दिवस, रात्री ८:२०)

बालाघाटी यांनी मला एक प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर द्यायचे राहिले. काल सौ.ला हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. कोणाचीही मदत नव्हती या माझ्या वाक्यावर तिने मला थांबवले आणि विचारले, "मग शेंगा कोण ठेवत होतं?"

मी साफ विसरलो होतो. त्या वर्षी जेवण झाले की ती ताटाशेजारी परडीभर भुईमुगाच्या शेंगा आणून ठेवत असे. मी फोडत बसायचो. दोन्ही हात गुंतलेले असायचे आणि तासभर जायचा. शेंगदाणे संपेनात म्हणून ते ती डब्यात भरी, आणि तिसऱ्या महिन्यात चटणीच इतकी झाली की शेजारी वाटली. ती हे कशासाठी करत आहे, हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. सत्तावीस वर्षे मी ते माझ्या निग्रहाच्या खाती जमा धरले.

मोजणीबाबतचे माझे मत मात्र तेच आहे.

लातूरच्या त्या मुलाने नंतर काही लिहिलेले दिसत नाही. वाचत असशील तर मी रात्री साडेदहाला जागा असतो.

गंजगोलाई२३ (रात्री १०:४१)

वाचतोय काका. आज दोन.

करडई (रात्री १०:४३)

बरं. शेंगा मिळतात का तिकडे?